सर, ऑर्डर आली का?

यावलमध्ये जून उजाडला की माणसं एकमेकांना दोनच गोष्टी विचारतात. पाऊस कधी, आणि केळीला भाव काय. कॉलेजच्या वाटेवरच्या चहाच्या टपरीवर मात्र तिसरा प्रश्न असतो, ‘सर, ऑर्डर आली का?’ पहिल्या दोन प्रश्नांना निदान चुकीची उत्तरं तरी मिळतात. तिसऱ्याचं उत्तर ‘वर’ असतं. हे वर म्हणजे नेमकं किती वर, ते सातपुड्याकडे मान उंचावून बघितलं तरी कळत नाही.

हे सर म्हणजे तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, आणि ऑर्डर म्हणजे त्यांच्या नेमणुकीची. बोलीत सीएचबी. असे सर खान्देशातल्या जवळपास प्रत्येक वरिष्ठ महाविद्यालयात सापडतात, त्यामुळे आमच्या सरांचं नाव विचारू नका आणि कॉलेज तर मुळीच नको. एवढं सांगतो की सर साक्री तालुक्यातले, घरी अहिराणी, शिक्षण एम.ए. मराठी, सेट, पीएच.डी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात धुळे, जळगाव, भुसावळ करत ते यावलच्या स्टँडवर उतरतात. सोबत एक बॅग, एक वळकटी आणि प्रमाणपत्रांची फाईल. तिन्हींत जड फाईल.

गेल्या वर्षी ते याच कॉलेजात होते. त्याच्या आदल्या वर्षीही. तरी दर जूनला नवे. परीक्षा आटोपल्या की नेमणूक आटोपते आणि आखाजीला लेकी माहेरी जाव्यात तसे तासिकावाले आपापल्या गावी जातात. फरक एवढाच, की लेकींना परत न्यायला सासरहून कोणीतरी येतं. सरांना जाहिरात बघून स्वतःच यावं लागतं, आणि आल्यावर मुलाखत द्यावी लागते. मुलाखत घेणाऱ्यांत गेल्या वर्षी ज्यांच्यासोबत रोज चहा घेतला तेच असतात. ते विचारतात, ‘स्वतःचा परिचय द्या.’ सर देतात.

जुनी खोली गेली. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं. नवीन खोली बघायला गेले तर घरमालक आप्पा ओट्यावर बसलेले.

‘काय करता?’

‘प्राध्यापक आहे.’

आप्पांनी मनातल्या मनात भाडं वाढवलं. ‘परमनंट हायेत ना?’

‘नाही. तासिका तत्त्वावर.’

आप्पांनी वाढवलेलं भाडं काही खाली आणलं नाही, वर डिपॉझिट वाढवलं. ‘मंग पगार?’

‘तासाप्रमाणे.’

‘म्हंजे रोजंदारीच म्हना की. आमच्या वावरातल्या मजुराले आमी बाजाराच्या दिवशी देतो. तुमाले कधी भेटतं?’

‘अनुदान आलं की.’

आप्पा किल्ली खिशात टाकायला लागले होते. तेवढ्यात आतून आजींनी, पोराला इंग्रजीचं थोडं सांगाल का, असं विचारलं आणि सरांना खोली मिळाली. आजींना सर मराठीचे आहेत हे अजून कोणी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका, सत्र तरी पार पडू द्या.

आप्पांच्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं तर गणित मांडावं लागेल. राज्यात पदवीच्या वर्गाला एका तासाचे ९०० रुपये आणि आठवड्याला जास्तीत जास्त ९ तास. म्हणजे पूर्ण तास मिळाले तर आठवड्याला ८,१०० रुपये. शिकवण्याचे आठवडे वर्षाला ३०. झाले २ लाख ४३ हजार. भाडं आणि पोट बाराही महिने चालू असतं म्हणून याला १२ ने भागा, महिन्याला २०,२५० रुपये येतात. हे सगळं एकही तास बुडाला नाही तर, आणि एकही तास बुडत नाही असं वर्ष खान्देशात अजून यायचं आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५० हजार रुपये ठरवून दिले. ते दिल्लीत ठरले. दिल्लीहून यावलला येईपर्यंत रुपयाचं काय होतं ते केळी उत्पादकांना विचारा.

आता पूर्णवेळ सहायक प्राध्यापक. त्यांचा अध्यापनाचा भार आठवड्याला १६ तास, सुरुवातीचं मूळ वेतन महिन्याला ५७,७००. वर्षाचे ६ लाख ९२ हजार ४००, भत्ते वेगळे. तासिकेवरचे दोन सर मिळून १८ तास घेतात, म्हणजे दोन तास जास्तच, आणि दोघांचे मिळून होतात ४ लाख ८६ हजार. दोन पीएच.डी., दोन सेट, दोन वळकट्या, तरीही एका जागेपेक्षा स्वस्त. जागा रिकामी ठेवायला शासनाला वेड लागलेलं नाही. हिशेब पक्का आहे.

तर सरांची नव्या सत्राची तयारी. लोकांना वाटतं प्राध्यापक जूनमध्ये पुस्तकं वाचत असेल. सर जूनमध्ये टीचिंग प्लॅन भरत असतात. कोणता घटक किती तासांत, कोणत्या आठवड्यात, कोणत्या पद्धतीने. मग अभ्यासक्रमाची उद्दिष्टं आणि निष्पत्ती यांचं कोष्टक, ज्यात प्रत्येक चौकटीत १, २ किंवा ३ लिहायचं. अभंगातून रोजगारक्षमता किती निष्पन्न होते? सरांनी २ लिहिलं. १ लिहिलं तर समिती विचारते, ३ लिहिलं तर तुकोबा विचारतील.

मग मेंटॉर-मेंटी यादी. मग मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाचं विश्लेषण. अभिप्राय सरांबद्दलचे, विश्लेषण सरांचं, आणि ‘त्यावर केलेली कार्यवाही’ या रकान्यात सरांनीच लिहायचं. कायद्याने बघितलं तर ज्यांच्यावर कार्यवाही करायची ते सर एप्रिलमध्येच गेले आणि कार्यवाही करणारे सर अजून रुजू व्हायचे आहेत. मधला माणूस फुकट लिहितो आहे. कॉलेजला श्रेणी देणाऱ्या नॅकच्या फाईलवर नाव मात्र समितीच्या समन्वयकांचं, कारण समन्वयक ऑर्डरवाले आहेत.

यावलला हे कागदकाम शोभतंच म्हणा. हे गाव एके काळी देशी जाड्या कागदासाठी आणि निळीसाठी प्रसिद्ध होतं, इंग्रजांच्या गॅझेटियरात तशी नोंद आहे. हातकागद गेला, नीळ गेली. तालुक्याने केळी धरली. कागद बनवण्याची विद्या तेवढी कॉलेजांनी जपून ठेवली, आणि त्यासाठी आता लगदाही लागत नाही, एक तासिकावाला पुरतो.

नवं शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालं. पहिल्या वर्षाच्या मुलांना ते समजावून सांगायचं काम साहजिकच सरांकडे आलं. एका सत्राला २२ क्रेडिट, तीन वर्षांच्या पदवीला १३२, चार वर्षांच्या ऑनर्सला १७६. एक क्रेडिट म्हणजे १५ तास. विषयांचे गट असे: मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीईपी, ओजेटी. सरांनी फळा भरून टाकला. सातपुड्याच्या पाड्यावरून आलेला एक पावरा मुलगा बराच वेळ फळ्याकडे बघत होता. त्याच्या घरी पावरी, शाळेत मराठी, आणि आता हे. त्याने हात वर केला. ‘सर, यातला मराठी कोणता?’

त्या फळ्यावर तो दिवसभरातला एकमेव शैक्षणिक प्रश्न होता.

तासांचं वाटपही ठरलेलं असतं. मेजर परमनंट सरांकडे, मायनर त्यांच्याखालच्या सरांकडे. ताटं उचलून झाल्यावर भांड्यात उरतं ते आमच्या सरांचं. यंदा भारतीय ज्ञान प्रणाली, म्हणजे फळ्यावरचं आयकेएस, उरली. सरांची पीएच.डी. ग्रामीण कादंबरीवर. पण विभागप्रमुख म्हणाले, ‘तुम्ही भारतीय आहात, ज्ञानही आहे, प्रणाली बघून घ्या.’ दोन क्रेडिट, म्हणजे ३० तासांत चरक, आर्यभट, पाणिनी, वास्तुशास्त्र आणि अंतर्गत मूल्यमापन. सरांनी रात्री खोलीवर पंख्याखाली बसून आर्यभट वाचला. वीज गेली तेव्हा शून्यापर्यंत आले होते.

या धोरणात एक गोष्ट सरांना फार आवडली. विद्यार्थ्याला मध्येच शिक्षण सोडता येतं, पुन्हा येता येतं, आणि मिळवलेली क्रेडिट बँकेत सात वर्षं जमा राहतात. सर म्हणाले, ‘येण्या-जाण्याची ही सोय आम्हाला धोरणाच्या आधीपासून आहे. दर जूनला प्रवेश, दर एप्रिलला निर्गमन. फक्त आमची बँक कोणती, तेवढं सांगा.’

बँक आहे. पूर्णवेळ पदाच्या मुलाखतीसाठी यादी लावताना अध्यापनाच्या अनुभवाला गुण असतात, वर्षाला २ आणि जास्तीत जास्त १०. पाच वर्षं शिकवा, खातं भरलं. सहाव्या वर्षापासून तुम्ही शिकवता ते तुमच्या आवडीसाठी. दहा वर्षांचा सर आणि पाच वर्षांचा सर त्या रकान्यात सारखेच दिसतात. पहिल्याचे केस पांढरे असतात, पण केसांना रकाना नाही.

वेळापत्रक लागलं. वर्ग सुरू झाले. ऑर्डर?

त्याचं असं असतं. आधी कार्यभार काढायचा. मग तो तपासून घ्यायचा. मग परवानगी, जाहिरात, मुलाखत, विद्यापीठाची मान्यता. प्रत्येक टेबलावरची माणसं कामाचीच असतात, फक्त ज्या दिवशी कागद पोचतो त्या दिवशी ती बैठकीला गेलेली असतात. मुलं तोवर वर्गात येऊन बसतात, कारण मुलांना मान्यता लागत नाही. मग प्राचार्य प्रेमाने म्हणतात, ‘तुम्ही चालू करा, मुलांचं नुकसान नको.’ मुलांचं नुकसान नको हे वाक्य म्हणताना कोणाचं नुकसान चालेल ते बोलून दाखवायची पद्धत नाही. सर चालू करतात.

याच तालुक्यात, यावलहून थोड्याच अंतरावर फैजपूर आहे. डिसेंबर १९३६ मध्ये तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. नेहरू अध्यक्ष, नंदलाल बोसांनी बांबू आणि गावातल्याच साध्या सामानातून नगरी सजवलेली, साने गुरुजी गावोगाव फिरून राबलेले. शेतात टिळकनगर उभं राहिलं, देशभरची माणसं आली, ठराव झाले आणि सगळं वेळेवर उरकलं. ना संगणक, ना पोर्टल. त्या मानाने आजचं काम खरोखरच अवघड आहे. एक माणूस एका वर्गात उभा करायचा आहे, आणि तो माणूस तिथे आधीच उभा आहे.

आषाढात गुरुपौर्णिमा आली. मुलींनी फळ्यावर रंगीत खडूने सरांचं नाव लिहिलं. ऑर्डर नव्हती. पंधरा ऑगस्टला सरांनी सूत्रसंचालन केलं. ऑर्डर नव्हती. पाच सप्टेंबरला सरांना गुलाबाचं फूल आणि श्रीफळ देऊन शिक्षक म्हणून गौरवण्यात आलं. ऑर्डर त्यानंतरच्या आठवड्यात आली. म्हणजे शिक्षकदिनी कॉलेजने एका अशा गृहस्थाचा सत्कार केला, जे कागदोपत्री शिक्षकच नव्हते. श्रीफळ वसूल करता येईल का, यावर लेखापरीक्षकांनी अजून काही म्हटलेलं नाही.

आता स्थिरावण्याविषयी. स्टाफरूममध्ये खुर्च्या बऱ्याच, पण मोकळ्या सगळ्या नसतात. जिच्या पाठीवर टॉवेल आहे ती परमनंट. जिच्यासमोर टेबलाच्या काचेखाली बालाजीचा फोटो आहे ती सेवानिवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. सरांची खुर्ची खिडकीशेजारची, डावा हात निखळलेली. कपाटाला किल्ली नाही म्हणून पुस्तकं पिशवीत, आणि पिशवी कायम खांद्याला, त्यामुळे नवीन आलेला शिपाई त्यांना पुस्तकविक्रेता समजून म्हणाला, ‘ग्रंथालय तिकडे.’

हजेरीचंही तसंच. पूर्णवेळ सर मस्टरवर सही करतात. तासिकावाल्यांची वही वेगळी: तारीख, वर्ग, विषय, घटक, वेळ, उपस्थिती, सही, विभागप्रमुखांची सही, प्राचार्यांची सही. ९०० रुपयांच्या एका तासामागे तीन सह्या. तासाच्या तयारीला रात्री गेलेले तीन तास कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. महाडीबीटीवर मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देताना, जात पडताळणीच्या कागदांची झेरॉक्स काढताना, आईवडील गुजरातला कामावर गेलेल्या मुलीसाठी उत्पन्नाच्या दाखल्याचा पाठपुरावा करताना गेलेले तासही नाहीत. त्या मुलीचा अर्ज तीनदा परत आला, एकदा तर आडनावातल्या एका वेलांटीसाठी. चौथ्यांदा मंजूर झाला. तिची शिष्यवृत्ती सरांच्या मानधनाच्या आधी जमा झाली. तिने पेढे आणले. सरांनी दोन घेतले.

सुट्टी आली की देशातला प्रत्येक नोकरदार खूष होतो. सर कॅलेंडर बघून खिन्न होतात. पोळा गेला की तास गेला. गणपती विसर्जनाला तास गेला. मुसळधार पावसाने सातपुड्यातल्या नाल्यांना पूर आला, पाड्यावरची मुलं आली नाहीत, वर्ग भरला नाही, तास गेला. कोणी थोर माणूस वारला आणि दुपारी सुट्टी झाली तर सर मनापासून शोक करतात. तेवढा मनापासून शोक मंत्रिमंडळातही कोणी करत नसेल.

त्यातही कानबाई. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघर कानबाई बसते, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. नैवेद्याचे रोट भाऊबंदांत बसून खायचे असतात, त्यामुळे पुण्या-मुंबईहून, सुरतेहून माणसं गावी येतात. सरांच्या घरीही कानबाई. पण सोमवारी सरांचे लागोपाठ दोन तास. १,८०० रुपये की रोट? सरांनी तास निवडले. गावाकडे फोन करून सांगितलं, यंदा जमणार नाही. आई म्हणाली, ‘तुनी नोकरी से ना ती?’ सर ‘हो’ म्हणाले. सोमवारी वर्गात गेले तर तीन मुली, आणि त्याही विचारायला आलेल्या, ‘सर, आज सुट्टी आहे का?’ सगळी मुलं रोट खायला गेली होती.

विद्यापीठाचं नावही सांगायला हवं. १५ ऑगस्ट १९९० रोजी पुणे विद्यापीठातून वेगळं निघून उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं. जळगाव, धुळे, नंदुरबार हे त्याचे जिल्हे. २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव देण्यात आलं. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, गाणी त्यांच्यामागे १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. आता ती गाणी वर्गात शिकवायची तर नेट किंवा सेट लागते, पीएच.डी. असेल तर बरं. आमच्या सरांकडे दोन्ही आहे. एका ओळीवर ते अडले तेव्हा मागच्या बाकावरच्या भालोदच्या मुलीने अर्थ सांगितला, आजी असंच बोलते म्हणाली. तिच्या आजीला मानधन द्यायची तरतूद नाही. पण त्याबाबतीत सर आणि आजी यांच्यात फारसं अंतर नाही, सरांचंही जुलैचं बिल अजून निघालेलं नाही.

पदं भरली का जात नाहीत, असं विचारणारे शासनावर अन्याय करतात. भरली जातात की. २०१८ मध्ये ३,५८० सहायक प्राध्यापकांची पदं भरायला परवानगी मिळाली. त्यातली काही भरली, मग करोना आला, भरती थांबली. २०२१ मध्ये उरलेल्या २,०८८ पदांना पुन्हा परवानगी मिळाली. म्हणजे एकाच जागेसाठी दोनदा आनंदोत्सव. टपरीवर दोनदा पेढे वाटले गेले, दोन्ही वेळा सर अर्जाच्या प्रती काढायला झेरॉक्सच्या दुकानात होते. झेरॉक्सवाल्याने आता रंगीत मशीन घेतलं आहे. उच्च शिक्षणामुळे ग्रामीण भागात रोजगार निर्माण होतो तो असा.

आणि आता आमच्या तालुक्याचा सगळ्यात प्रसिद्ध प्राध्यापक. भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे. इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून अहमदनगर, धुळे, औरंगाबाद, लंडन, गोवा, मुंबई अशी त्यांची वाट. २०१४ चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं तेव्हा तालुक्याने फटाके वाजवले. वाचलेल्यांनी थोडे कमी वाजवले. बिढार, हूल, जरीला, झूल या चार कादंबऱ्यांचा नायक चांगदेव पाटील हाही प्राध्यापकच. गावोगावच्या कॉलेजांत नोकऱ्या करत फिरतो. नवं सत्र, नवी खोली, नवे प्राचार्य, स्टाफरूमचं तेच राजकारण, जातीपातीचे तेच हिशेब. कंटाळा आला की सामान बांधतो, निघतो.

आमच्या सरांनी ही चारही पुस्तकं पीएच.डी.साठी वाचली तेव्हा चांगदेवाची दया आली होती. हल्ली हेवा वाटतो. त्या माणसाला नोकरीचा वीट येत असे! वीट यायला नोकरी रोज तिथे असावी लागते. तो प्राचार्यांशी भांडत असे. आमच्या सरांना प्राचार्यांशी भांडायचं तर भांडण जूनमध्ये सुरू करून एप्रिलच्या आत संपवावं लागेल, आणि पुढच्या जूनला मुलाखतीच्या टेबलापलीकडे तेच प्राचार्य. तो कॉलेज सोडत असे. सर काय सोडतील? एप्रिलमध्ये कॉलेजच त्यांना सोडतं, तेही पत्र न देता, वही संपते आणि नोकरी संपते. मराठी कादंबरीतला तुटलेला, एकाकी, परात्म वगैरे प्राध्यापक पन्नास वर्षांपूर्वी ज्या सुखात होता, ते सुख आज तालुक्याच्या ठिकाणी सेट-पीएच.डी. करूनही परवडत नाही.

मराठी समीक्षकांनी चांगदेवाच्या अस्वस्थतेवर पुष्कळ लिहिलं. त्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळत असे, हा मुद्दा एकाही प्रबंधात सापडला नाही, असं सर सांगतात. त्यांच्या स्वतःच्या प्रबंधातही नाही. तो त्यांनी घरून आणलेल्या पैशांवर लिहिला होता आणि तेव्हा त्यांना वाटत होतं, पीएच.डी. झाली की पुढचा प्रश्न अस्तित्वाचाच उरेल.

म्हणून संघटनांनी समान काम, समान वेतन वगैरे मोठ्या मागण्या करत राहाव्यात, सरांची मागणी लहान आहे. वर्ग जूनमध्ये भरतो तर ऑर्डर जूनमध्ये यावी. महिना संपला की झालेल्या तासांचे पैसे मिळावेत, आप्पांचा मजूर बाजाराच्या दिवशी हिशेब चुकता करून घेतो तेवढ्यापुरतं तरी उच्च शिक्षण उच्च असावं. आणि एखाद्या जूनमध्ये अशी नोकरी द्यावी, की वैताग आला तर राजीनामा देता येईल. सर तो देणार नाहीत. फक्त मसुदा करून खणात ठेवतील. त्यासाठी एक खण लागेल, किल्लीसकट.

हे सगळं कोणीतरी वरच्या कार्यालयाला लेखी कळवा. दोन प्रतींत. आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका, बैठकीला जायची वेळ झाली असं कोणी म्हणालं तरी.